ग्रामसभेतला पिवळसर सदरा

तृप्तीचं काम काय, हे कोंढ्याकडच्या तिच्या गावात कुणाला धड सांगता येत नाही. नागपुरात चित्रकला शिकली, दुकानांची शटरं रंगवून पोट भरते, आणि मधूनच असं काही करते की आईला, गोदावरीबाईंना, तोंड लपवायला जागा उरत नाही. गेल्या वर्षी अड्याळच्या बाजारात ती गळ्यात स्वतःचा बायोडाटा अडकवून कांद्याच्या वजनकाट्यावर बसली. आलेलं स्थळ त्याच दिवशी परत गेलं.

"कला म्हंते हे इले!" आई म्हणाली आणि आठ दिवस बोलली नाही.

यंदा तिची नजर ग्रामसभेवर गेली. सभेला येतात वीस, गणपूर्तीसाठी वहीत लागतात शंभर. तिनं मागच्या सभेच्या हजेरीची नक्कल काढली, तर त्यात तिच्या बापाचं, लक्ष्मणरावांचंही नाव. पुढे अंगठा. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. तृप्तीचं डोकंच फिरलं.

तिनं धानाच्या तणसाची बुजगावणी बांधली. वहीत हजर, पण सभेला न येणाऱ्या गड्यांच्या बायकांनी जुने सदरे हसत हसत दिले. बापाचे कपडे मात्र रीतीप्रमाणे वाटून टाकलेले. आईनं पेटीत एकच पिवळसर सदरा ठेवला होता. तो तृप्तीनं न विचारता काढला. ही चोरी होती, तिला ठाऊक होतं. या वेळी आई बोलणं टाकेल ते कायमचंच, ही भीती असूनही तिनं तो एका बुजगावण्याला चढवला.

सभेच्या सकाळी बुजगावणी खुर्च्यांवर ओळीनं बसली. सदऱ्यांवरून नावं ओळखत लोक पोट धरून हसले. हजेरीची वही सांभाळणारा ग्रामपंचायतीचा सचिव तेवढा हसला नाही. "हटवा हे सगळं," तो म्हणाला.

तेवढ्यात गोदावरीबाई आल्या. पेटी उघडी दिसली होती त्यांना. तृप्ती मान खाली घालून उभी राहिली.

आई सदऱ्यापाशी गेली. गळ्याचं बटण उघडं होतं, ते लावलं. मग सचिवाकडे वळली.

"यायचं नाव हाये म्हंते तुमच्या वहीत. दाखवा."

वही आली. ओळीवर बोट ठेवून तिनं सावकाश वाचलं.

"हा अंगठा कोणाचा?"

सचिव वही मिटायला लागला. तिनं बोट उचललं नाही.

"लेकीचे तमाशे मले पटत नाहीत. पण आयका. मी चौथी शिकली. चुलीपुढं बसवून कोळशानं यायले सही शिकवली, दोन पावसाळे लागले. त्यानंतर यायनं कधी अंगठा लावला नाही."

ती बुजगावण्याशेजारी उभी राहिली.

"तृप्ती, एक खुर्ची आण," ती म्हणाली. "यायच्या बाजूले."