मावशीच्या मौनाचा लिलाव

डॉक्टरांनी थर्मामीटर पाहून "एकशे दोन" म्हटलं, तेव्हा अंथरुणात पडलेली मावशी डोळे न उघडता पुटपुटली, "एकशे दोन एक वार, एकशे दोन दोन वार... पुढं कोन जातोय का?" डॉक्टर गावात नवे होते. त्यांना वाटलं, ताप डोक्यात गेला. आम्ही मात्र निश्चिंत झालो. मावशी ठणठणीत शुद्धीवर होती.

सगळ्या बंदराची मावशी, आमच्या बंदरावर मासळीचा लिलाव पुकारायची ती. होडी धक्क्याला लागली की टोपलीशी उभी राहून असा आवाज लावायची, की खाडीपलीकडची माणसं चुकून भाव वाढवतील अशी मला भीती वाटे. घरातही तोच खाक्या. शेवटची भाकरी सरळ कुणाच्या ताटात पडत नसे. "बोला, भाकरी कुनाची?" असं ती विचारी आणि तिचा नवरा, ज्याला सगळे नाखवा म्हणतात, स्वतःच्या घरात निमूट हात वर करी. नाखवा होडी हाकण्यात पटाईत, पण बोलण्याचं खातं त्याने लग्नातच बायकोकडे सोपवलं होतं.

आमच्या तरुण मंडळाची अभ्यासिका हसनचाचांच्या बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर भरते. संध्याकाळी बंदरावरची मुलंमुली येतात, मी गणित शिकवतो. मावशी कधीमधी दारात येऊन उभी राहायची. एकदा म्हणाली, "मास्तर, मला चौथीतनं उठवली नि डोईवर टोपली दिली. तवापासनं वरडतेय. ह्यांना नका उठवू देऊ." त्यानंतर मुलांनी पाढे म्हटले की ती दारातूनच "पुढं कोन जातोय?" विचारायची आणि वर्गाचा सत्यानाश व्हायचा.

पहिल्या टोपलीतला एक मासा देवाचा म्हणून बाजूला काढायची आमच्याकडे रीत. मावशीने त्याच्या शेजारी दुसरा ठेवायला सुरुवात केली, तो पोरांचा. त्याचा लिलाव सगळ्यात आधी, पैसे अभ्यासिकेला. कुणी कमी बोललं तर ती त्याच्याकडे टक लावून पाही. "देवाचा स्वस्तात ने, तो मोठ्या मनाचा हाय. मी न्हाय." आमचे खडू, पुस्तकं आणि दोन जुने संगणक असे सुरमई-हलव्याच्या पोटातून निघालेले आहेत.

मग वादळात माडीचे पत्रे उडाले. एक तर थेट सुपारीच्या वाडीत सापडला. चाचा भले माणूस, पण कारखान्याचंही बरंच नुकसान झालं होतं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वाट पाहून ते म्हणाले, "मास्तर, पावसाच्या आत पत्रे घाला. नाहीतर मी घालतो आणि माडी जाळी ठेवायला भाड्याने देतो. माझाही इलाज नाही." आम्ही जमेल तिथे अर्ज केले. सगळीकडून शुभेच्छा आल्या. मावशीने विचारलं, "शुभेच्छांना खिळं मारता येतात का?"

मे महिन्यात तिने धक्क्यावर अभ्यासिकेसाठी लिलाव मांडला. फणस गेला, कोंबडा गेला. प्रमुख पाहुणे एक निवृत्त साहेब होते. आम्ही त्यांना शाल पांघरली, ती मावशीने लगेच उतरवून पुकारायला घेतली. साहेब एवढे गोंधळले की बोली वाढवत वाढवत त्यांनी स्वतःचीच शाल विकत घेतली. तरीही पत्र्यांना पैसे पुरेनात. माझा चेहरा पडला. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "मावशे, एक दिस गप बसायचं काय घेशील?"

सगळे हसले. मावशी हसली नाही. "ह्यो पन माल हाय," ती म्हणाली. "बोला."

असा लिलाव बंदराने पाहिला नव्हता. शेजारणी बोलल्या, चाचा बोलले. पण नाखव्याने एकदा वर केलेला हात खाली घेतलाच नाही. चाचा त्याच्या कानात म्हणाले, "अरे, या अल्ला, नाखवा, आवर." होडीच्या रंगासाठी ठेवलेले सगळे पैसे घालून त्याने बायकोचं मौन जिंकलं.

दुसऱ्या दिवशी मावशी कमरेवर हात ठेवून, ओठ मिटून धक्क्यावर उभी. लिलाव पुकारायचा प्रयत्न तिघाचौघांनी केला, पण भाव चढेचना. पापलेट जवळपास बोंबलाच्या भावाने जाऊ लागलं. दुपारपर्यंत होडीवाले घायकुतीला आले आणि तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. मावशीने आधी बोटं चोळून दाखवली, मग बोट उघड्या माडीकडे केलं. प्रत्येकाने पैसे मोजल्यावरच तिचं तोंड उघडलं. पत्रे पावसाआधी बसले. नाखवा मात्र पुढे कित्येक दिवस कुरकुरत होता, "पैसं पुऱ्या दिसाचं दिलं, शांतता अर्धाच दिस भेटली."

मावशी गेल्या थंडीत गेली. मला तिची फार आठवण येते, वर्गात पाढे सुरू झाले की जास्तच.

यंदाच्या मे महिन्यात आम्ही अभ्यासिकेसाठी पुन्हा लिलाव मांडला. पुकारायला चाचा होते. शेवटी नाखवा उठला. चारचौघांत बोलताना त्याला मी पहिल्यांदाच ऐकलं. "ती एक दिस वरडंल, त्याचं काय घ्याल?" असं म्हणून त्याने नोटांची जुडी चाचांसमोर ठेवली.

चाचा कसेबसे म्हणाले, "एक वार." मग बऱ्याच वेळाने, "दोन वार." तिसऱ्यांदा म्हणायला त्यांचं तोंड उघडलं नाही, आमचंही नाही.

नाखव्याची होडी यंदाही बिनरंगाचीच आहे.