यंत्राच्या तोंडाला कुंकू

माझ्या सासूबाईंचं आणि माझ्या नोकरीचं कधीच पटलं नाही. सून शाळेत मास्तरीण असती तर त्यांनी मिरवलं असतं. तहसीलदार कचेरीत असती तर निदान चार दाखले तरी लवकर निघाले असते. मी पडले मोखाड्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये यंत्रं सांभाळणारी. "थंडगार खोलीत बसते नि कपाटाकडं बघत राहते," असं त्या बाजारच्या दिवशी भेटेल तिला सांगायच्या. मला राग यायचा, कारण वर्णन अगदी बरोबर होतं.

नव्वदच्या दशकात आमचं बाहेरगावचं बोलणं टॉवरवरून जायचं आणि पावसाळ्यात बहुतेक वेळा जायचंच नाही. पुढं काही वर्षांनी जव्हारहून रस्त्याच्या कडेनं चर खणत खणत ऑप्टिकल फायबर आली. नारिंगी पाइप जमिनीत जाताना पाहून पाड्यांवरच्या बाया खूश झाल्या. एकीनं मला विचारलं, "नळ कुठं बसवणार?" मी म्हटलं, यातून पाणी नाही, उजेड जाणार. ती हसली. "आमच्याकडं वरचीच लाईट नाय, तुम्ही जमिनीखाली लाईट लावताव!" याचं उत्तर सरकारकडंही नसावं.

या फायबरच्या टोकाला, आमच्या कपाटात, अंगठ्याएवढी धातूची एक डबी बसवलेली होती. तिला ट्रान्सीव्हर म्हणायचं. सगळ्या तालुक्याचं बोलणं तिच्यापर्यंत विजेच्या रूपात यायचं, ती त्याचा उजेड करायची आणि केसासारख्या काचेच्या तारेतून जव्हारला धाडायची. तिकडून आलेल्या उजेडाची पुन्हा वीज करायची. तोंडाला दोन भोकं, एक बोलायचं, एक ऐकायचं. आमच्या घरात काही माणसांना हे दुसरं भोक देवाकडून द्यायचंच राहून गेलं होतं, असं मी तेव्हा नवऱ्याला म्हणायचे. तो मास्तर, त्यात आईचा एकुलता एक. तो वही तपासायला लागायचा.

या डबीचं एकच पथ्य होतं. तोंडाशी धूळ नको. काचेच्या तारेचं टोक इतकं बारीक की त्याच्यावर एक कण बसला तरी रस्त्यात दरड कोसळल्यासारखं व्हायचं. म्हणून चपला बाहेर, उदबत्ती बाहेर, शेंगदाणे बाहेर. आमच्या साहेबांची तपकीरसुद्धा मी बाहेर काढली होती. साहेब घाटावरचे, माणूस सज्जन, पण कुणी मोठ्या आवाजात बोललं की लगेच पटायचं त्यांना.

त्या वर्षी दसऱ्याला सासूबाई म्हणाल्या, "मी येते तुझ्या हापिसात पूजेला."

एरवी मी हजार कारणं सांगितली असती. पण त्या दिवशी कारण त्यांच्याकडं होतं. माझी नणंद नाशिकला दवाखान्यात होती, पहाटेच कळा सुरू झालेल्या. तिचं पहिलं मूल जन्मतःच गेलं होतं. त्यानंतर किती वर्षांनी हे दुसरं. आमच्या घरी फोन नव्हता, म्हणून जावयांनी निरोप एक्स्चेंजवरच द्यायचा असं ठरलेलं. सासूबाईंचा हिशेब सरळ होता. लेकीची खबर ज्या यंत्रातून येणार, ते यंत्र आज खूश पाहिजे.

त्या ताट घेऊन आल्या. हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पानं, शेतातल्या भाताची नवी लोंबी. मी दारातच नियम सांगितले. कुंकू कपाटाला बाहेरून लावायचं, आत हात नाही. नारळ पायरीवर फोडायचा. ताटात ठेवायला म्हणून मी त्यांना एक सुटा ट्रान्सीव्हर दिला. आमच्याकडचा तो एकच जादा. तोंडाला त्याचं रबरी बूच घट्ट बसवलेलं होतं. "याला काय लावायचं ते लावा, फक्त हे बूच काढू नका," असं बजावलं आणि मी नारळ फोडायला बाहेर गेले.

नारळ चिवट निघाला. तेवढ्यात आत जे घडलं ते मला साहेबांनी मागून सांगितलं.

सासूबाईंनी कपाटावर लुकलुकणारे दिवे पाहिले आणि विचारलं, "हे चालू हाय?"

"चालूच असतं मावशी. रात्रंदिवस."

"आज पण? दसऱ्याला? आमच्याकडं आज बैलाला औत नाय, विळ्या-कोयत्याला काम नाय. आणि तुमी याला राबवताव? राबत्या हत्याराची पूजा करत्यात काय कुठं?"

आवाज मोठा होता. साहेबांना पटलं. ते म्हणाले, दोन मिनिटं विसावा द्यायला हरकत नाही. त्यांनी कपाटातल्या चालू डबीतून काचेची पिवळी तार उपसली. समोर दोन भोकांचं उघडं तोंड दिसलं. सासूबाईंना पूजा करायची ती तोंडाचीच, शेपटीची कोण करतं? त्यांनी करंगळी पाण्यात बुडवली, मग कुंकवात, आणि डबीच्या तोंडाला नीट टिळा लावला. तारेच्या टोकालाही लावला, उगीच तिला वाईट वाटायला नको. मग साहेबांनी तार परत बसवली.

मी खोबरं घेऊन आत आले तर कपाटावर लाल दिवा. लिंक गेली होती.

मी तार काढली. टोक लाल, डबीचं तोंड लाल. साहेबांनी घाईघाईनं रुमालानं पुसायला घेतलं आणि कुंकू आणखी आत सारलं. वर फुंकरही मारली. मी त्यांच्यावर कशी ओरडले ते सांगत नाही, कारण पुढं माझा गोपनीय अहवाल तेच लिहायचे.

मोखाड्याचा जगाशी संबंध तुटला. नुकताच आलेला मोबाइलचा टॉवरही त्याच तारेवर, तोही मुका. गावातल्या गावात मात्र फोन चालू होते, म्हणजे तक्रार करायला काही अडचण नव्हती. एसटीडी बूथवाले, डॉक्टर, सभापतींचा मेव्हणा, सगळ्यांनी साहेबांना सणाच्या शुभेच्छा दिल्या.

आणि सासूबाई खुर्चीवर बसून टेबलावरच्या फोनकडं बघत होत्या. त्यांना एवढंच कळलं होतं की नाशिकचा फोन आता येऊ शकत नाही. ताट मांडीवर तसंच होतं आणि ताटातली लोंबी थरथरत होती.

"कशानं झालं गो?" त्यांनी विचारलं. "माझ्या हातनं काय झालं का?"

खरं सांगते, या प्रश्नाची मी कित्येक वर्षं वाट पाहत होते. कपाटाकडं बघत बसणं म्हणजे काय असतं, ते सांगायला याहून बरा मुहूर्त मिळाला नसता. पुरावा माझ्या हातात होता, लालभडक. साहेब तर भिंतीला लागून उभे, मी काय सांगते ते ऐकायला.

"छे," मी म्हणाले. "उंदीर. तार कुरतडली मेल्यानं."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं आणि मोठ्यांदा म्हणाले, "हो, उंदीर फार झालेत."

मग मी त्यांच्या मांडीवरच्या ताटातून जादा ट्रान्सीव्हर उचलला. त्याला पोटभर हळदकुंकू लागलं होतं, अक्षता चिकटल्या होत्या, पण बूच जागचं हललं नव्हतं. अंग पुसलं, बूच काढलं. तारेचं टोक स्पिरिटच्या बोळ्यानं साफ करायला घेतलं. एकदा पुसलं, भिंगातून पाहिलं, गुलाबी. पुन्हा पुसलं. बाहेरच्या खोलीतला तक्रारींचा फोन वाजत होता तो साहेबांनी उचलून खाली ठेवला. मला सासूबाईंचा श्वास ऐकू येत होता. मला मेलीला त्यांची इतकी दया येईल असं वाटलं नव्हतं, आणि त्या दयेचाच राग येत होता. मी मनात कपाटालाच शिव्या घालत होते.

टोक स्वच्छ दिसलं. नवी डबी सरकवली, तार बसवली. लाल दिवा काही क्षण तसाच राहिला, मग हिरवा झाला.

फोन लगेच वाजला नाही. आम्ही तिघं त्याच्याभोवती बसून खोबरं खात राहिलो आणि कुणालाच चव लागत नव्हती. वाजला तेव्हा साहेबांनी तो झडप घालून उचलला, ऐकलं आणि सासूबाईंच्या हातात दिला. जावईच होते. मघापासून लावतोय, लागतच नव्हता, म्हणाले. मुलगी झाली. रडली, चांगली मोठ्यानं रडली. दोघी बऱ्या आहेत.

सासूबाईंनी फोन ठेवला, पदर तोंडाला लावला आणि बऱ्याच वेळानं काढला. मग साहेबांना आपट्याची पानं दिली, मला दिली, आणि बाहेर उभ्या असलेल्या तक्रारदारांनाही दिली.

आम्ही घरी निघालो. ताट माझ्याकडं होतं. बाजारतळ ओलांडून गेल्यावर त्या चालता चालता म्हणाल्या, "काय गो, उंदीर कुंकू लावतो होय?"

मी थांबले. त्या थांबल्या नाहीत.

"मघाशी तू पुसलंस तो बोळा पाहिला मी. लाल होता." चार पावलं गेल्यावर त्यांनी वळून पाहिलं. डोळे अजून ओले होते, पण हसतही होत्या. "तुझ्या जागी मी असते ना, तर सगळ्या मोखाड्याला सांगितलं असतं."

"ठाऊक आहे, आई," मी म्हणाले.