राठोड सरांच्या काचा आणि माझा टँकर

वारंगा फाट्यावर चहा घेत होतो, तेव्हा फोन आला. "राठोड सर गेले. झोपेतच." माझ्या तोंडून निघालं, "असा कसा जातो हा माणूस, काम अर्धं टाकून!" खरंच राग आला होता. दीड महिना झाला, अजून गेलेला नाही...

सर शेजारच्या तांड्यावरचे, आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. शाळेमागे खडी क्रशर सुरू झाला, पोरं खोकायला लागली, तसं सरांनी रोज शाळेच्या छतावर व्हॅसलीन लावलेली काच ठेवायला सुरुवात केली. संध्याकाळी ती सोनाराच्या काट्यावर तोलायची आणि वहीत धुळीच्या वजनाशेजारी त्या दिवशीची गैरहजेरी लिहायची. चार वर्षं! मी म्हणायचो, "सर, डोळ्याला दिसून राहिलं की, मोजता काहून?" तर म्हणायचे, "बाबाराव, डोळ्याला दिसलेलं हापिसात चालत न्हाई." हापिसात त्यांच्या काचाही चालल्या नाहीत. आमचं यंत्र येईल, ते सांगेल त्यावर क्रशर हलवायचा की नाही ठरेल, असं उत्तर आलं. यंत्र यायला आणखी दोन उन्हाळे गेले.

आलं त्या दिवशी आमच्या गावानं काय दिवे लावले ते ऐका. साहेब येणार म्हणून रस्ता झाडला, शाळेपुढं रांगोळी काढली, पाव्हण्यांपुढं धुरळा नको म्हणून क्रशर बंद ठेवायला लावला. वर टँकर सांगून पुलापासून शाळेपर्यंत पाणी मारलं. टँकर मी सांगितला. उपसरपंच होतो ना, अंगात आलं होतं! सर साहेबांना आणायला गेले होते. जीपमधून उतरले, ओला रस्ता बघितला आणि कपाळावर हात मारला. "पाव्हणे जेवायला आले का मोजायला, बाबाराव?" एवढंच बोलले, तेही मला बाजूला घेऊन. अहवाल आला, हवा चांगली आहे. क्रशर जागेवरच राहिला.

परवा वहिनींनी बोलावलं. सरांच्या टेबलावर फेरमोजणीचा अर्ज होता, सुंदर अक्षरात भरलेला. एकच रकाना कोरा होता... पहिली मोजणी चुकीची असल्याचं कारण. वहिनी म्हणाल्या, "रोज घेऊन बसायचे, भाऊ. मी म्हणलं, लिवा की, सगळ्या गावाला म्हाईत हाय. तर म्हणले, कागदावर बाबारावचं नाव जाईल, लोक हसतील त्याला."

काय म्हणावं या माणसाला! चार वर्षं पोरांचा खोकला मोजला आणि माझ्या अब्रूपायी अर्ज अडवून ठेवला. हयातीत त्यांची एवढी चीड मला कधी आली नव्हती, आणि एवढं रडूही. वहिनींना पेन मागितला, त्यांच्याच खुर्चीत बसलो आणि लिहिलं, 'त्या दिवशी क्रशर बंद होता आणि रस्त्यावर पाणी मी मारलं होतं.' खाली पूर्ण नाव घातलं, त्या वेळच्या हुद्द्यासकट.