नाही म्हणालेल्यांचं गाठोडं

काकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी मोखाड्याच्या बाजारात नाचणीच्या भावावरून घासाघीस करत होतो. काकूंच्या शेजारच्या वहिनी रडत म्हणाल्या, "भाऊ, काकू गेल्या..." आणि माझ्या तोंडून काय निघावं? "अरे देवा! आणि कागद?" ज्या बाईने मला जेवू घालून शिकवलं, ती गेल्यावर मला कागद आठवले. काका-काकू दोघेही शिक्षक, दोघेही लेखक. काका आधीच गेले होते, मूलबाळ नव्हतं. पुण्याची एक संस्था त्यांचे सगळे कागद जतन करायला मागत होती, आणि त्या बोलण्यांत मीच पुढे पुढे करत होतो.

जामसरहून हायस्कूलसाठी मी जव्हारला त्यांच्याकडे राहायला आलो, तेव्हापासून त्यांचं लिहिणं पाहत आलो. काका लिहायचे, काकू खोडायच्या. "अहो, हे तुमचं बोलणं झालं. ती बाई असं बोलेल का?" एवढं म्हणाल्या की काका छत्री उचलून तरातरा बाहेर. तासाभराने भजी घेऊन परत यायचे, आणि येताना वाक्यही दुरुस्त करून आणायचे. पाड्यापाड्यांवरच्या माणसांवर लिहिलेली त्यांची पुस्तकं, दोघांची नावं बरोबरीने छापलेली. पण छापायच्या आधी एक रिवाज होता. ज्याच्यावर लिहिलंय त्याच्या घरी जायचं, ओट्यावर बसायचं आणि अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवायचं. माणूस हो म्हणाला तर छापायचं, नाही म्हणाला तर विषय संपला. का म्हणून विचारायचं नाही, गळ घालायची नाही. नाही म्हणालेल्यांचे कागद काकूंच्या जुन्या लुगड्यात बांधून कपाटात राहायचे. "फाडू कशी? लिहिलं आपण, पण आहे त्यांचं," असं काकू म्हणायच्या. त्या गाठोड्याला घरात कोणी हात लावत नसे. मला त्याबद्दल काकूंनी कधी काही बजावलं नाही. मी त्याच घरात वाढलेला, मला काय बजावायचं, असं त्यांना वाटलं असणार...

बाराव्यानंतर संस्थेच्या मॅडम गाडी घेऊन आल्या. फार गोड बोलायच्या. "काही गाळू नका हं, वाणसामानाच्या चिठ्ठ्यासुद्धा चालतील." मी असा फुगलो म्हणून सांगू! पत्रं, कच्चे खर्डे, शाळेची परिपत्रकं, सगळं खोक्यांत भरलं. मग गाठोडं हातात आलं. ते काय आहे हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मी ते सोडलं, मांडी घालून बसलो आणि सगळंच्या सगळं वाचून काढलं. आणि काय लिहिलं होतं हो दोघांनी! छापलेल्या पुस्तकांपेक्षा सरस. जगाला कळू दे आमची माणसं काय ताकदीची होती, असं म्हणत गाठ मारली आणि गाठोडं खोक्यात ठेवलं. वारस म्हणून ऐटीत सही ठोकली, वर फोटोही काढून घेतला.

त्यानंतर काही दिवसांनी सूर्यमाळहून सोनीमावशी भेटायला आली. हे तिचं खरं नाव नाही. जन्मभर मजुरी केलेली बाई, बाजाराला आली की काकूंकडे चहाला थांबायची. आधी काकूंसाठी पोटभर रडली. मग कपाटाकडे बघत म्हणाली, "रिकामंच दिसतं रं."

"पुण्याला दिलं सगळं, मावशी. नीट जपणार आहेत."

"आमचं गाठोडं पण?"

मी कपात बघत मान हलवली.

"तू वाचलंस?"

मी कप उगाच बशीत फिरवत राहिलो.

"बाईला सगळं ठाव होतं. इतकी वर्सं समोर बसून चहा प्यायली, मना कधी लाज नाय वाटली. तू येकदा वाचलंस, तर तुझी मान वर होत नाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच दिवशी पुणं गाठलं. मॅडमनी कुरकुर न करता गाठोडं काढून दिलं, अजून उघडलेलंही नव्हतं. "आधीच सांगायचं ना," एवढंच म्हणाल्या. आता एकेकाचे कागद घेऊन मी पाडे पालथे घालतोय, पण पहिला गेलो तो सूर्यमाळला. मावशी तांदूळ निवडत होती. मी कागद पुढे केले तर म्हणाली, "मना काय देतंस? वाच. तवा मीच बाईला अर्ध्यात थांबवलं, फुडलं ऐकलंच नाय."

मी वाचलं. मधे तिनेच उठून पाणी दिलं. संपल्यावर ती कितीतरी वेळ तांदळात बोटं फिरवत राहिली... आणि मी? मी निर्लज्जासारखा तिच्या होकाराची वाट बघत होतो. इतक्या वर्षांनी मन निवळलं असेल, एवढं सुंदर लिहिलेलं ऐकून कोण नाही म्हणेल, असं मनात चाललं होतं.

"लई चांगलं लिवलंय," मावशी म्हणाली. मी आशेने वर पाहिलं. "पण नाय."

कागद घेऊन ती आत गेली. मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, तिच्यासाठी नाही, त्या लिखाणासाठी वाटलं.

काकूंवरचा हा लेखही मी सूर्यमाळला जाऊन तिला वाचून दाखवला. तिने नाव बदलायला लावलं आणि दोन वाक्यं काढायला सांगितली. मी लगेच काढली. पण चांगली होती हो ती वाक्यं. अजून चुटपुट लागते... आणि त्या चुटपुटीची लाज वाटते.