सोडवलेली पानं

नातीने फिल्म नॉयरवरच्या निबंधांचं नवंकोरं पुस्तक आणून दिलं. उघडलं तर शाईचा वास आला, आणि मी ठाकूरद्वारच्या आमच्या छापखान्यात जाऊन पोचले.

नॉयर हा शब्द माझ्या दादाला ठाऊक नव्हता. तसल्या गुन्हेगारीच्या सिनेमांना तो काळोखी सिनेमे म्हणायचा. त्यांच्यावरच्या त्याच्या निबंधांचं पुस्तक आम्हीच छापणार होतो. पहिली पानं शिशाच्या खिळ्यांत, एकेक अक्षर लावत जुळवून, सुतळीने बांधून तयार होती.

त्या दुपारी संयुक्त महाराष्ट्राचं पत्रक तातडीने छापायला आलं, आणि खिळे पुरेनात.

"बाबा, माझी पानं सोडवा," दादा म्हणाला.

"अरे, एवढं जुळवलेलं..."

"पुस्तकाला कसली घाई आहे?"

सुतळी त्यानेच सोडली. रॉकेलने धुतलेले खिळे आम्ही दोघं एकेक करून खणांत टाकत बसलो. बोटं काळी झाली. मध्येच एक उलटी ओळ वाचून तो हसला.

"ऐक गं. नायकाला शेवट कळलेला असतो, तरी तो घराबाहेर पडतो. जरा भडकच लिहिलंय मी."

मला तेव्हा वाटलं, एक पुस्तक लांबलं, एवढंच.

संध्याकाळी ओली पत्रकं काखेत मारून तो गेला आणि पोलिसांच्या गोळीबारात सापडला.

ते पुस्तक पुन्हा जुळवायला बाबांचे हात कधी धजावले नाहीत. त्यांनी जुळवलं ते दादाच्या शोकसभेचं पत्रक. त्याला खिळे पुरले.