भोंग्याचं एकल वादन

सबंध सांगली जिल्ह्यात सगळ्यात जास्त माणसांनी ज्याचं वादन ऐकलं असेल असा कलावंत एकच, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. यात तिळमात्र अतिशयोक्ती नाही. मोठमोठ्या गवयांना पाचशे माणसं जमवताना घाम फुटतो. आमच्या मामांना हंगामात रोज तीन वेळा चाळीस गावं ऐकायची, तीही तिकीट न काढता, आणि ऐकायचं नसलं तरी ऐकायची. मामांनी नदीपल्याडच्या साखर कारखान्यात बत्तीस वर्षं भोंगा वाजवला. पाळी बदलायची वेळ झाली की बॉयलरच्या माळ्यावर चढायचं, साखळी ओढायची आणि वाफेच्या जोरावर आभाळ दणाणून सोडायचं, ही त्यांची नोकरी. नोकरी हा शब्द मात्र त्यांच्यासमोर काढायची सोय नाही. "आवं जावईबापू, हजेरी लावत्यात ती नोकरी. ही कला हाय," असं त्यांनी मला माझ्या लग्नाच्या मांडवातच, अंगावरच्या अक्षता झटकायच्या आत, सुनावलं होतं.

या कलेनं त्यांचा डावा कान खाल्ला. मामांना त्याचं काडीचंही दुःख नाही. "एक कान कारखान्याला दिला, दुसरा गान्याला राखून ठेवलाय," म्हणतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी विश्रामबागेत नेमकं आमच्या भिंतीला भिंत लावून घर घेतलं (आमचं नशीब!) आणि उरलेला कान घेऊन सांगली-मिरजेतल्या झाडून साऱ्या कार्यक्रमांना जायला सुरुवात केली. झाडून म्हणजे खरंच झाडून. सोमवारी ख्याल, बुधवारी कव्वाली, शनिवारी लावणी, रविवारी सकाळी नाट्यगीतं आणि संध्याकाळी इंजिनीअरिंगच्या मुलांचा इंग्रजी गाण्यांचा बँड. मधल्या दिवशी कुठं धनगरी ढोल असले तर ते थेट म्हसवडपर्यंत धडक मारून येतात आणि भंडाऱ्यानं पिवळे होऊन दारात उभे राहतात. सभागृह कुठलंही असो, मामांची जागा ठरलेली. पहिली रांग, डाव्या टोकाची खुर्ची. तिथं बसलं की उजवा कान बरोबर रंगमंचाकडे येतो. एकदा एक पुढारी तिथं ऐसपैस बसले होते. मामा शेजारी जाऊन उभे राहिले आणि अदबीनं म्हणाले, "सायेब, ही खुर्ची बहिऱ्याची हाय. तुमी बहिरं हायसा का?" पुढारी मुकाट्यानं उठले. सारं सभागृह गालात हसलं, आणि त्या दिवसापासून ती खुर्ची कोणी बळकावलेली मी पाहिली नाही.

त्या खुर्चीतून मामा एक महत्त्वाचं काम करतात. पहिली टाळी वाजवतात. त्यांचं म्हणणं असं की गाणं संपल्यावर टाळी पडेपर्यंतचा जो क्षण असतो ना, त्यात कलाकार अर्धा मरतो. संपलं का, अजून आहे का, हे लोकांना कळत नाही. लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. मामांना मात्र बरोबर कळतं. त्यांच्या मते गाणं म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, वाफ. "धरायची कवा आन सोडायची कवा, एवढंच हाय बगा समदं." ख्यालाच्या मैफलीत विलंबित चालू असताना मी डुलकी काढत होतो, तर माझ्या बरगडीत कोपर बसलं. "उठा, वाफ धरतीया बाई." मिरजेच्या एक वयस्क गायिकाबाई गात होत्या, त्यांनी ते ऐकलं आणि गाता गाता हसू दाबलं. बँडच्या कार्यक्रमात खुर्च्याच नव्हत्या, पोरं उड्या मारत होती. मामांनी घरून घडीचं स्टूल नेलं होतं. ते डाव्या कोपऱ्यात टाकून दोन तास बसले, आणि शेवटी ड्रम वाजवणाऱ्या लांब केसांच्या पोराला जाऊन म्हणाले, "गड्या, दंडात बॉयलर हाय रं तुझ्या!" त्या पोरानं सगळ्यांसमोर वाकून नमस्कार केला. माझा स्वतःचा मुलगा मला दिवाळीला सुद्धा वाकून नमस्कार करत नाही, ते असो.

आणि तिसरी गोष्ट, मामांचा फळा. कॉलनीच्या कोपऱ्यावर, चहाच्या गाड्यामागच्या भिंतीवर, एक काळा फळा आहे. त्यावर मामा दर सोमवारी येत्या आठवड्याचे कार्यक्रम खडूनं लिहितात. कोण, काय, कुठं, कधी. वर मोठ्या अक्षरात 'येणारे कार्यक्रम'. गायिकाबाई आणि बँजो पार्टी एकाच मापाच्या अक्षरात, खाली-वर नाही. वर्तमानपत्रात जाहिरात आली नाही तरी चालेल, पण मामांच्या फळ्यावर नाव हवं, असं कलाकारच म्हणायला लागले, कारण फळा वाचून माणसं खरोखर जातात. त्याचे नियम दोन. फळ्यावर लिहिलं की कार्यक्रम झालाच पाहिजे. आणि तोंडानं कोणाला 'या' म्हणायचं नाही. "ज्याला यायचं त्यो वाचून येतूय. हाताला धरून आनल्याली मानसं घड्याळाकडं बगत बसत्यात."

या सगळ्यात मामी कुठं आहेत, असं कोणी विचारेल. मामी घरात आहेत. एवढ्या वर्षांत मामींनी एकाही मैफलीला पाऊल टाकलेलं नाही. "बत्तीस वरसं ह्येंचं वाजवनं ऐकलं की मी. आनि काय ऐकू?" असा त्यांचा सवाल. कारखान्याच्या वसाहतीत त्यांचा सारा संसार भोंग्यावर चालला. सकाळी आठचा भोंगा झाला की भाकरी तव्यावर, दुपारी चारचा झाला की चहाचं आधण. मामींचा एक शोध मात्र मला फार आवडतो. त्या म्हणतात, सकाळी दोघांचं भांडण झालं असलं की चारचा भोंगा आखूड वाजायचा. चाळीस गावांना वाटायचं वाफ कमी पडली. खरं कारण फक्त मामींना ठाऊक. आणि थोरली लेक झाली त्या दिवशी मामांनी साखळी सोडलीच नाही. भोंगा इतका लांबला की आग लागली समजून अर्धा कारखाना बाहेर पळाला आणि मामांना मेमो मिळाला. तो मेमो त्यांनी काचेच्या फ्रेममध्ये घालून बैठकीत लावलाय. पाहुण्यांना दाखवतात. "ह्यो माजा पयला पुरस्कार."

तर गेल्या हंगामात, पट्टा पडायच्या, म्हणजे गाळप बंद व्हायच्या पंधरा दिवस आधी, बातमी आली की वाफेचा जुना भोंगा आता काढणार. बटणावर चालणारा नवा भोंगा येऊन बसलाय. कारखान्याचंही काही चुकलं नाही, जुनं यंत्र कधीतरी निघायचंच.  तिसऱ्या दिवशी मामा कारखान्यात जाऊन शेवटच्या शनिवारचा चारचा भोंगा स्वतः वाजवायची परवानगी घेऊन आले. सोमवारी सकाळी मी दूध आणायला गेलो तर फळ्याभोवती गर्दी. ख्याल, कव्वाली, लावणी, आणि सगळ्यांत खाली, त्याच मापाच्या अक्षरात : 'शनिवार, दुपारी ४. भोंगा (एकल वादन). कारखान्याचं आवार.' लोक खो खो हसत होते. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? पण मामांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू आवरलं. माणूस घाबरलेला होता. जन्मभर दुसऱ्यांची सभागृहं भरली, आणि आता स्वतःच्या कार्यक्रमाला कोणी आलंच नाही तर? "जावईबापू," ते हळूच म्हणाले, "भोंगा ऐकायला कोन आपल्या पायानं ईल व्हय?" मी म्हटलं, "मामा, चार माणसांना सांगून तरी ठेवू." तर भडकलेच. "आजिबात न्हाई! नेम त्यो नेम." मामींनी तर हातच टेकले होते. शनिवारी सकाळी भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला, "लोक हसत्याल. मी न्हाई येत." मग मामांचा आवाज, मग भांडं आपटल्याचा. भांडण झालंच.

साडेतीनला मी आणि बायको कारखान्यात पोचलो. आवारात उसाच्या ट्रॅक्टरांची आणि बैलगाड्यांची रांग, मळीचा वास, आणि बॉयलरच्या माळ्यावर एकटे मामा, इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्याला फेटा. खाली रिकामं मैदान.  आणि मग, काय सांगू तुम्हाला, फाटकातून एक टेम्पो आत आला. त्यातून बँडची पोरं उतरली आणि धडाधड खुर्च्या उतरवून रांगेत मांडायला लागली. मागोमाग गाडीतून गायिकाबाई, हातात काठी. मग कव्वाल मंडळी, मग लाल डगल्यातली बँजो पार्टी, मग लावणीच्या बायका, मग म्हसवडकडचे ढोलवाले, ढोलांसकट. कोणाला एका शब्दानं बोलावलं नव्हतं. फळा वाचून, एकमेकांकडून ऐकून आले होते. ज्यांच्या ज्यांच्या कार्यक्रमाला मामा टोकाच्या खुर्चीवर बसले होते, ते सगळे. त्यांच्या मागं आमची आख्खी कॉलनी, चहाचा गाडा बंद करून चहावाला सुद्धा. खुर्च्या कमी पडल्या, लोक ट्रॅक्टरवर चढून बसले. पहिल्या रांगेत डाव्या टोकाची खुर्ची मात्र रिकामी. कोणी ठरवलं नव्हतं. तिथं बसायला कोणाचं मनच झालं नाही. चारला पाच मिनिटं असताना फाटकाशी एक वडापची जीप थांबली आणि तिच्यातून मामी उतरल्या. लग्नाकार्यातली जरीची साडी नेसलेल्या. कोणाकडेही न बघता सरळ चालत आल्या आणि त्या खुर्चीवर बसल्या.

चार वाजले. मामांनी वर सूर्याला हात जोडले, साखळी धरली आणि ओढली. फुस्स! नुसती पांढरी वाफ. मागं कोणीतरी फिस्कन हसलं.  बायकोनं माझा दंड इतका जोरात धरला की वळ उठले. मामा हलले नाहीत. साखळी सोडून शांत उभे राहिले. गायिकाबाई माझ्या पुढंच होत्या. मागं वळून, ओठावर बोट ठेवून म्हणाल्या, "थांबा. वाफ धरतायत ते." आणि मग मामांनी पुन्हा साखळी ओढली आणि भोंगा लागला. आधी खालून, पोटातून, घोगरा. मग चढत चढत असा काही सुटला की खुर्च्या थरथरल्या, गाडीचे बैल कान टवकारून उभे राहिले, ड्रमवाल्या पोरानं डोळेच मिटले. किती लांबवावा माणसानं! संपतोय म्हणता म्हणता मामा तो पुन्हा उचलायचे. बत्तीस वर्षं आम्ही ज्याला वेळ म्हणून ऐकलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा वाजवणं म्हणून ऐकलं. मामांचा उजवा कान भोंग्याकडे होता आणि चेहरा, देवाशपथ सांगतो, पंचविशीतल्या पोराचा होता. मग आवाज हळूहळू उतरला, बारीक झाला, थांबला.

आणि शांतता. पाच-सातशे माणसं, पण टाळी नाही. वाजवणार कोण? पहिली टाळी वाजवणारा माणूस वर उभा. संपलं का, अजून आहे का, कोणाला ठरवता येईना. गायिकाबाई बघतायत, बँडवाले बघतायत. मामा वरून खाली बघत होते, आणि मला त्यांचं ते वाक्य आठवलं, त्या क्षणात कलाकार अर्धा मरतो म्हणून. तेवढ्यात डाव्या टोकाच्या खुर्चीतून टाळी वाजली. मामींची. बरोबर जिथं वाजायला हवी तिथं. मग काय विचारता! टाळ्या, शिट्ट्या, ट्रॅक्टरचे हॉर्न, ढोल, बँजो, सगळं एकदमच सुटलं. ज्यांनी आजवर एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं ते कव्वाल आणि लांब केसांची पोरं गळ्यात गळे घालून नाचत होती. मामांना खांद्यावर घेऊनच खाली आणलं. मी रडलो. उगाच कशाला लपवू.

गर्दीतून वाट काढत मामा त्या खुर्चीपाशी आले. फेटा सुटला होता. "काय गं? कसं झालं?" मामींनी पदर सावरला. "लय लांब वाजवलासा," त्या म्हणाल्या. "सकाळी भांडान हुऊन बी."

भोंगा पुढच्याच आठवड्यात उतरवला. फळा अजून चालू आहे, येत्या शुक्रवारी मिरजेत सतार आहे आणि मला जावंच लागणार, सुटका नाही. नव्या भोंग्याचा आवाज नदी ओलांडत नाही, त्यामुळे दुपारी चारला मात्र आता पलीकडून काही येत नाही. ज्या दिशेनं आवाज यायचा तिकडे अधूनमधून मान वळते, एवढंच. मामी म्हणाल्या, चहाची वेळच कळंना झालीया. म्हणून हल्ली चार वाजले की मामा स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन एक टाळी वाजवतात आणि मामी आधण ठेवतात. भिंतीपलीकडून मला ती रोज ऐकू येते. भांडण झालेलं असलं की जरा बारीक वाजते.