सेतुरावांच्या नावाने येणारी उत्तरं

सेतुराव कावळ्याला भात ठेवल्याशिवाय जेवत नसत, आणि आपल्या प्रोग्रामची नवी आवृत्ती सर्वांत जुन्या डेटाबेसवर चालवून पाहिल्याशिवाय जगाला देत नसत. दोन्हीमागचं कारण त्यांच्या लेखी एकच. “आधी थोरले मा, मग आपण!” तो पुरातन डेटाबेस आता कोण वापरतंय, असं मी एकदा विचारलं, तर फोनवर खो-खो हसले. “कावळा येणार का विचारून भात ठेवतात काय?”

पिढ्यान्‌पिढ्या तंजावूरला राहिलेल्या मराठी घरातले ते, तिथल्याच एका कॉलेजात नोकरीला होते. फावल्या वेळात त्यांनी हा प्रोग्राम लिहिला. मोडकळीला आलेल्या डेटाबेसमधली माहिती एक अक्षर न सांडता नव्यात नेऊन ठेवायची, एवढंच त्याचं काम. ओपन सोर्स, म्हणजे फुकट आणि उघडा. कोणीही वापरावा, कोणीही दुरुस्त करावा. मी नाशिकहून एक दुरुस्ती पाठवली आणि त्यांच्या तावडीत सापडले ती कायमची. देवनागरी त्यांना वाचता येत नसे, त्यामुळे माझ्या मराठी मेसेजचं उत्तर म्हणून थेट फोन यायचा. शब्द पणजोबांच्या वेळचे, हेल तमिळ, आणि मायेने लावलेलं तमिळ ‘मा’. “तुमची तिकडची मराठी फार धावते. कोड तसा लिहू नको मा.”

आजारी पडले तेव्हा म्हणाले, “आतां हे तूं सांभाळ.” मी म्हटलं, आधी तुम्ही बरे व्हा. ते बरे झाले नाहीत.

आणि मग भुताटकी सुरू झाली. कोणी प्रोग्राममधली चूक कळवली की क्षणात सेतुरावांच्या नावाने इंग्रजीत उत्तर हजर: ‘मी पाहतो. तोवर जुनी प्रत पुसू नका.’ आपोआप उत्तर जायची ही सोय त्यांनीच लावून ठेवलेली. माणूस गेला हे तिला कोण सांगणार? परदेशातली माणसं त्यांचे आभार मानत होती, ते वाचताना माझ्या अंगावर काटा यायचा. पुढे होऊन काम हाती घ्यायचा धीर मात्र होत नव्हता. त्यांच्या जागी बसायचं म्हणजे ते गेले हे मान्य करायचं. पण ज्या खात्यातून ही उत्तरं जात, ते असं बेवारस ठेवणं धोक्याचं होतं. कोणी फोडलं असतं, तर त्यांच्या नावावर लोकांच्या गळ्यात काहीही मारता आलं असतं. ते बंद करायची किल्ली होती त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर. शेवटी मी तंजावूरला गेले.

त्यांच्या पत्नीने, पद्माकाकूंनी, कापी, म्हणजे तिकडची कॉफी, दिली आणि कॉम्प्युटर लावला. पडद्यावर त्या सकाळी कोणाला तरी गेलेलं ताजं उत्तर होतं.

“रोज पाहते मी,” काकू म्हणाल्या. “ते नाहीत, कळते मजला. तरी नाव येते ना.”

मला गलबलून आलं. ज्या कामासाठी एवढ्या लांब आले, तेच नको झालं. “काकू, राहू दे. आणखी थोडे दिवस चालू दे.”

“अय्यो, नको!” त्या एकदम म्हणाल्या. “लोक विचारतात. हे ‘पाहतो’ म्हणतात. अन् कोणीच पाहत नाही. जन्मात असे खोटे बोलले नाहीत ते. बंद कर मा.”

मी बंद केलं. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि पडद्याकडे बोट केलं. “हा सकाळपासून वाट पाहतो. त्यास काय सांगणार?”

मी सेतुरावांच्या खुर्चीत बसले आणि माझ्या नावाने लिहिलं, ‘सेतुराव गेले. मी पाहते.’